आपल्यापैकीच

सोयराबाई घाटगे फोन उचलून 'हॅलो' म्हणत नसत. 'कोण, आपल्यापैकी?' असं विचारत. पलीकडून कन्नड किंवा इंग्रजी आलं की दोन शब्दांत काम उरकून रिसीव्हर खाली. मराठी आलं की मात्र बाई स्टूल ओढून बसत, पदराने रिसीव्हर पुसत आणि पलीकडच्या माणसाला आधी जेवलास का विचारत, मग नाव. नावातच सोयरा असलेल्या बाईला सगळं जग सोयरं दिसायचं, त्याला कोण काय करणार! मी पडले पुण्याची. आमच्याकडे दारावरची बेल वाजली तर आधी साखळी लावून फटीतून बघतात. त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्यांची माझी जुंपली. आणि त्यांच्यावाचून माझं पानही हलेना, हेही तितकंच खरं.

शंतनुला इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही पंचाण्णव साली बंगळूरला आलो आणि गवीपुरममध्ये, देवळाच्या मागच्या गल्लीत, सोयराबाईंच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहू लागलो. गुलाबी रंगाचं घर. रंग त्यांनी स्वतः निवडलेला, आणि मी त्याबद्दल काही बोलायचं नाही हे पहिल्याच आठवड्यात ठरून गेलेलं. तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आलेलं त्यांचं घराणं. बाई मात्र 'आमी इकडं आलो तवा' असं म्हणत, जणू मागच्या महिन्यात टेम्पोतून सामान उतरवलं. त्यांची मराठी घरात तापवलेली, बाजारात कधी न नेलेली. तिच्यात निम्मं कन्नड. 'कस्तुरी, ऊटा झालं काय गं? स्वल्प बस की,' म्हणजे जेवलीस का, थोडं बस, असं त्या म्हणाल्या की मला आधी हसू यायचं आणि मग भूक लागायची.

त्यांचे यजमान विठोजीराव टेलिफोन बनवणाऱ्या एका कारखान्यात होते, त्यामुळे गल्लीतला पहिला फोन घाटग्यांकडे आला. त्या काळी ज्याच्या घरी फोन नसे तो शेजाऱ्याचा नंबर देई आणि पुढे 'पी.पी.' लिही. सगळी गल्ली सोयराबाईंच्या नंबरावर पी.पी. होती. कुणाची मुलगी बाळंत झाली, कुणाला दुबईची नोकरी लागली, कुणाचा बाप गेला, सगळं आधी त्यांच्या हॉलमध्ये पोचायचं आणि मग घरोघर. बाई अनवाणी धावत जाऊन माणसाला फोनवर घेऊन यायच्या. आम्ही राहायला गेलो तोवर घरोघर फोन झाले होते. विठोजीराव वारले होते, मूलबाळ नव्हतं. शेजारणीला नातू झाला हे सोयराबाईंना आता पेढ्याच्या डब्यावरून कळायचं. त्या रोज सकाळी फोन पुसून ठेवत, त्यावर विणलेला रुमाल घालत, आणि फोन गप्प बसे. मला त्यांची फार दया यायची, पण तसं दाखवलं असतं तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं.

हर्षिता त्यांना देवळाच्या पायऱ्यांवर सापडली. एक पोरगी बॅग पायाशी घेऊन बसली होती. उठताना तिच्या चपलेचा अंगठा तुटला आणि ती 'अगं आई गं' म्हणाली. झालं! सोयराबाई तिला हाताला धरून घरी घेऊन आल्या. मी खाली गेले तर ती पोरगी पानावर बसून ताकभात ओरपत होती.

"कोण कुठली माहीत नाही, अक्का, आणि घरात घेतलीत?"

"'अय्यो' म्हणाली असती तर पुढं गेले असते गं," सोयराबाई म्हणाल्या. "'आई गं' म्हणाली. मग कशी सोडू?"

हर्षिता दावणगेऱ्याची. लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. तिच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चट्टे होते, तापल्या उलथन्याचे. तिने ते आम्हाला एकदाच दाखवले, आणि मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून गेले. नवऱ्याचं नाव प्राणेश. त्याच्याबद्दल ती फार बोलत नसे. एवढंच म्हणाली, "तो ओरडत न्हाई, कस्तुरक्का. कधीच न्हाई. गोड बोलतो. कुणाच्याबी पोटातलं काढून घेतो. मी बेंगळूरला आले हे त्याला कळलंय. आज ना उद्या शोधणार." पोलिसांत जाऊया म्हटलं तर तिचा चेहरा असा झाला की मी विषय सोडून दिला.

मग आम्ही तिघींनी ठरवलं. गल्लीत सांगायचं, पोर अनाथ आहे, लग्न व्हायचंय. मंगळसूत्र काढून सोयराबाईंनी देवघरात ठेवलं. इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कारखान्यात सर्किटवर डाग द्यायचं काम शंतनुने मिळवून दिलं. कंपनीची बस सकाळी कोपऱ्यावर येई, संध्याकाळी सोडून जाई. हर्षिताने सोयराबाईंकडून देवासमोर शब्द घेतला की तिचं नाव आणि ती नवरा टाकून आली आहे ही गोष्ट त्या कुणाला सांगणार नाहीत. "जीभ कापली तरी न्हाई," सोयराबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला ठाऊक होतं, पण त्यांनी शब्द पाळला, अक्षर न् अक्षर पाळला. घात झाला तो शब्द मोडल्यामुळे नाही.

दसऱ्यानंतर फोन सुरू झाले. घंटी वाजायची, बाई उचलायच्या, 'कोण, आपल्यापैकी?' विचारायच्या, आणि पलीकडे कुणी बोलायचं नाही. नुसता श्वास. दुसरी कुणी बाई असती तर शिव्या घालून मोकळी झाली असती. सोयराबाई त्या श्वासाशी गप्पा मारू लागल्या. "बोल की रे. लाजतोस काय? कुटनं करालायस फोन, बूथवरनं काय? पैसे जातात की उगीच." मी जिन्यात उभी राहून ऐकायची आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची. पहिल्या दोन-तीन वेळा हर्षिता घरात होती. घंटी वाजली की ती स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभी राहायची. मग सोयराबाईंनी तिला सांगून टाकलं की फोन बंद झाले. बंद झाले नव्हते. फक्त ती कामावर गेली की येत होते. "उगीच घाबरते पोर," असं बाईंचं म्हणणं. मीही गप्प राहिले, कारण मलाही तिचा तो भिंतीला टेकलेला चेहरा बघवत नव्हता.

आणि एके दिवशी तो श्वास बोलला. मराठीत.

"अक्का, मी होसकोट्याच्या आप्पाजी मामांकडचा. अभिमन्यू. ओळखलं न्हाई?"

होसकोट्याला सोयराबाईंचे लांबचे कुणी आप्पाजी होते, दहा वर्षांत भेट नव्हती. हे आप्पाजी त्या पोराला कसे कळले? बाईंनीच एकदा त्या मुक्या श्वासाला विचारलं होतं, "होसकोट्याच्या आप्पाजीकडचा काय रे तू?" हे मला आठवत होतं. त्यांना आठवत नव्हतं. मी आठवण करून दिली तर म्हणाल्या, "म्हंजे बरोबर ओळखलं की मी!" यापुढे काय बोलणार, कपाळ?

त्या दिवसापासून आमच्या घरात अभिमन्यूचं राज्य सुरू झालं. आठवड्यातून दोनदा तरी फोन. तो गुडघ्यांची चौकशी करी, विठोजीरावांच्या आठवणी काढायला लावी, आणि त्याच आठवणी पुढच्या फोनवर आपल्याच असल्यासारख्या परत सांगे. बाई विरघळून जात. "किती लाघवी पोरगा गं! मी काय सांगितलं की 'शाब्बास' म्हणतो. माझ्याएवढ्या बाईला शाब्बास! कुणी म्हणालं न्हवतं आजवर." एकदा त्याने भावासाठी मुलगी बघतोय म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, एक पोर आहे माझ्याकडे, बिनलग्नाची, पण इतक्यात करायचं नाही तिचं. नाव सांगितलं नाही. मला नंतर मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, "नाव न्हाई सांगितलं बघ." पुढच्या फोनवर त्याने विचारलं, वर भाडेकरू आहेत काय, मराठीच काय. तेही सांगितलं. त्यात काय लपवायचं होतं?

शंतनु म्हणाला, एक्स्चेंजमध्ये तक्रार करू, हा माणूस कोण ते शोधतील. सोयराबाई ताडकन उठल्या. "आपल्यापैकी माणसाची तक्रार? सरकारात? लाज न्हाई वाटत?"

मग संक्रांतीनंतर समाजाच्या हॉलमध्ये एक बारसं होतं. जुन्या मराठी घरांतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. जेवताना सोयराबाईंनी सहज अभिमन्यूचं नाव काढलं, आणि समोर बसलेली भाग्यलक्ष्मी हसून म्हणाली, "कोण? आमचा अभिमन्यू? माझ्या थोरल्या जावेचा भाचा?"

"भाचा कुटला? होसकोट्याच्या आप्पाजीकडचा तो."

"न्हाई हो," तिसरीकडून कल्पना नावाची एक म्हातारी बोलली, "आमच्या फत्तेसिंगाबरोबर शाळेत होता तो. दर सोमवारी फोन करतो मला. शाब्बास म्हणतो!"

बायकांचं भांडण जुंपलं. तो नेमका कुणाचा, यावरून. प्रत्येकीला तो आपल्या घरचा हवा होता. एकीच्या जावेचा गुडघा, दुसरीच्या सुनेचा गर्भपात, तिसरीच्या घरची वाटणी, सगळं त्याला ठाऊक होतं, आणि हिचं तिला सांगून त्याने तिच्याकडून तिसरीचं काढलं होतं. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. उलट, किती सगळ्यांची आठवण ठेवतो, म्हणून कौतुक. मी पुढ्यातला घास तसाच ठेवला. टेलिफोनच्या जाडजूड पुस्तकात घाटगे, जाधव, मोरे अशी आडनावं शोधायची आणि एकेका घराला फोन लावायचा, एवढंच त्याने केलं होतं. 'कोण, आपल्यापैकी?' ऐकलं की पुढचं काम बायका करत होत्या. दावणगेऱ्याची मराठी पोरगी या अफाट शहरात कुणाच्या आसऱ्याला जाईल, हे ज्याला बिनचूक ठाऊक आहे, असा हा माणूस होता.

परत येताना बसमध्ये मी सोयराबाईंना सगळं फोडून सांगितलं. मी आवाज चढवला, हे कबूल. आजूबाजूचे बघायला लागले.

"तू पुण्याची," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तुमच्यात कुणी कुणाला विचारत न्हाई. म्हणून विचारणारा चोर वाटतो तुला."

पण त्या हबकल्या होत्या. घराशी आल्यावर म्हणाल्या, "सरी, बरं. आता हर्षिताचं काहीच न्हाई बोलणार. काम न्हाई, बस न्हाई, कायबी न्हाई." फोन घ्यायचाच बंद करा, असं मी म्हटलं असतं तर? म्हटलं नाही, कारण मग त्या बाईंना उरलं तरी काय असतं?

पुढे काही दिवस त्यांनी खरंच तोंडाला कुलूप लावलं. फोन आला की हवापाणी, गुडघे, भाजीचे भाव. मला वाटलं, जमलं.

तो शनिवार होता. शंतनुला सुट्टी होती आणि तो वर झोपला होता. वीज नसल्याने कारखाना बंद म्हणून हर्षिताही घरी होती, गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी खाली सोयराबाईंच्या हॉलमध्ये तांदूळ निवडत बसले होते. फोन वाजला. त्याचाच होता. आवाज बाहेरपर्यंत येत नव्हता, पण बाईंच्या उत्तरांवरून सगळं कळत होतं. त्याच्या भावाचं लग्न ठरलं होतं. बाईंचा चेहरा खुलला. लग्न म्हटलं की अक्षत आली, आणि आपल्यात अक्षत टपालाने येत नाही. घरी येऊन कुंकू लावून देतात. घर कुठं ते सांगावंच लागतं, आणि अक्षत घेऊन येणाऱ्याला नको म्हणत नाहीत. देवळाच्या मागं, गुलाबी घर, असं बाईंनी सांगितलं. मी डोळे वटारले. त्यांनी हाताने 'थांब गं' केलं.

मग त्याने काहीतरी विचारलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं. रिसीव्हरवर हात ठेवून कुजबुजल्या, "ओट्या आणायच्यात म्हणे. घरात मुत्तैदे किती, विचारतो." मुत्तैदे म्हणजे सवाष्ण, नवरा हयात असलेली बाई. मी एक बोट दाखवलं. एक, मी. सोयराबाई विधवा, त्या स्वतःला मोजणार नव्हत्या. मी पुन्हा बोट नाचवलं, एक, एक!

त्यांच्या कपाळाला घाम आला. ओठ हलले. आणि त्या म्हणाल्या, "दोन."

तो काय म्हणाला ते बाईंच्या तोंडूनच कळलं, कारण त्या नकळत उत्तरल्या, "शाब्बास कशाला रे? ... हो की, आज दोघी घरातच हायत."

मी रिसीव्हर हिसकावून आपटला. "काय केलंत हे? बिनलग्नाची पोर आहे म्हणून सांगितलं होतंत ना त्याला? मग दुसरी सवाष्ण कोण घरात?"

"कशी वगळू गं?" सोयराबाई रडकुंडीला आल्या होत्या. "जिवंत सवाष्ण मोजताना वगळली तर तिचा नवरा मेला म्हटल्यासारखं. माझ्या तोंडून कसं येईल ते? कसला का असेना, कुंकू हाय ते तिचं. मी रांडाव बाई, माझ्या जिभेनं दुसरीचं कुंकू पुसू?"

मी कपाळावर हात मारून घेतला. ज्याचं आयुष्य राखायला बाई 'दोन' म्हणाल्या, तोच तर पलीकडे कान लावून बसला होता. नाव न सांगता, शब्द न मोडता, एका आकड्यात त्यांनी हर्षिता त्याच्या हाती दिली होती. मी वळले तर जिन्यात हर्षिता उभी होती. ओला टॉवेल हातात तसाच.

"अक्का," ती म्हणाली, "तो शाब्बास म्हणतो काय? फोनवरचा?"

सोयराबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"मी हात पुढं केला की म्हणायचा," हर्षिता म्हणाली. "उलथनं ठेवायच्या आधी."

ती रडली नाही. वर गेली आणि बॅग भरू लागली. सोयराबाई स्टुलावर बसल्या त्या बसल्याच. मी शंतनुला हलवून उठवलं. कुठूनही आला तरी घर शोधत यायला तासभर तरी लागेल, असा माझा हिशोब. दहा मिनिटांत दारावरची कडी वाजली.

गोरा, नीट भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस दारात होता. हातात पितळी ताट, त्यात नारळ, कुंकवात भिजवलेल्या अक्षता, दोन खण. चेहरा असा की कुणीही जावई करून घ्यावा. गल्लीतल्या बायका कठड्यांवर वाकून बघत होत्या, आणि त्यांना तो आवडला होता हे त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. तो केव्हापासून फोन करत होता? आणि कुठून? समोरच्या वळणावर एसटीडी बूथ होता. पिवळी पाटी.

"अक्का, मी तुमचा अभिमन्यू," तो म्हणाला आणि वाकून पाया पडला. "दोन ओट्या आणल्यात. दोघींना बोलवा की."

मी पुढे झाले. "मी एक. द्या."

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "आणि दुसरी?"

सोयराबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी चौकट धरली. त्या बुटक्या, गोल बाईने तेवढं दार पुरतं अडवलं होतं.

"दुसरी न्हाई," त्या म्हणाल्या. "दुसरीचा नवरा मेला."

"हो? कधी मेला, अक्का?"

"आत्ता."

एवढं बोलणं त्यांना किती जड गेलं ते मला माहीत आहे. पाव तासापूर्वी त्या एका खोट्या आकड्याला घाबरल्या होत्या, आणि आता तोंडावर, पायाशी वाकलेल्या माणसाला, अक्षतेच्या ताटासमोर, त्या मेला म्हणाल्या. मी त्यांच्याइतकं धाडस दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ताट त्याने सावकाश उंबऱ्यावर ठेवलं. "शाब्बास," म्हणाला. मग वळला, रस्ता ओलांडून बूथमध्ये गेला आणि काचेआडून आमच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. फोन वाजू लागला.

मागच्या बाजूने गच्चीवरून शेजारच्या गच्चीत उतरता येत होतं आणि तिथून मागच्या गल्लीत, जिथे शंतनुची स्कूटर असे. हर्षिता बॅग घेऊन खाली आली. फोन वाजतच होता. ती सोयराबाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "अक्का, मी आता जाते ती..."

सोयराबाईंनी तिच्या तोंडावर हात दाबला. "मला सांगू नकोस. कुटं, कुणाकडं, कायबी सांगू नकोस. मला कुणी आपल्या भाषेत विचारलं की मी सांगून टाकते गं." आणि डोळे पुसत, स्टूल ओढत त्यांनी फोन उचलला. "कोण, आपल्यापैकी? बोल बाळा. रागावलास काय?"

त्या त्याच्याशी बोलत राहिल्या. गुडघ्यांबद्दल, विठोजीरावांच्या आजारपणाबद्दल, अनाथ पोरींना घरात घेतलं की कशी डोकेदुखी होते त्याबद्दल. मध्येच हर्षिताचं नाव ओठांवर आल्यासारखं करत आणि पुन्हा गुडघ्यावर जात. खिडकीतून मला तो दिसत होता, रिसीव्हर कानाला लावून, समोरच्या दारावर नजर ठेवून. शंतनु आणि हर्षिता मागच्या मागे निघून गेली तरी बाई बोलतच होत्या. ज्या गप्पांनी पोर धोक्यात आणली, त्याच गप्पांनी त्यांनी त्याला त्या काचेच्या पेटीत बांधून ठेवलं.

हर्षिता कुठे गेली ते मला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही.

बाकीच्या घरांनी कानाला खडा लावला. सोयराबाई स्वतः दारोदार जाऊन सांगून आल्या. त्यांच्या घरचा फोन मात्र त्यांनी काढला नाही, नंबर बदलला नाही. तो फोन करत राहिला. त्यालाही दुसरा धागा उरला नव्हता. महिन्यातून कधी दोनदा, कधी पाचदा. "अक्का, राग सोडा. काही कळलं काय?" "न्हाई रे बाळा," त्या म्हणत, आणि ते खरं असे. मला त्यांनी एकदाही विचारलं नाही. ज्या बाईला शेजारच्या घरात कोणती भाजी शिजतेय हे कळल्याशिवाय घास गिळवत नसे, ती बाई हे एक सोडून सगळं विचारत राहिली. मी चिडून म्हटलं, कशाला घेता त्याचा फोन, रक्त आटतं माझं. त्या म्हणाल्या, "तो मला विचारतोय, तवर त्याला ती घावली न्हाई. एवढं कळतं मला."

त्यानंतर फोन वाजला की मीही जिन्यात थांबून ऐकू लागले, आणि त्याचाच आहे म्हटल्यावर मला झोप लागू लागली.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात फोन यायचे बंद झाले.

पहिला आठवडा तसाच गेला. दुसऱ्या आठवड्यात सोयराबाई रिसीव्हर उचलून टोन येतोय का ते बघू लागल्या. लाइनमनला बोलावून तार तपासून घेतली. महिना उलटला तेव्हा त्या वर आल्या, गुडघे धरत, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. "कस्तुरी, एकदा बघून ये. मला कुटं ते सांगू नकोस. हाय की न्हाई, एवढंच सांग."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. लांबून पाहिली. जेवणाचा डबा हातात घेऊन, दोन मुलींबरोबर बोलत चालली होती. मी हाकही मारली नाही, तशीच परतले. सोयराबाई फाटकातच उभ्या होत्या.

"आहे," मी म्हटलं.

"नीट?"

"नीट."

"बास. पुढं बोलू नकोस."

पण त्याने का थांबवलं ते आम्हाला कधी कळलं नाही. तो मेला असता तर समाजात बातमी आली असती. कंटाळला असेल, दुसरं लग्न केलं असेल, असं मी समजूत घालायला म्हणत असे. मनात मात्र एकच विचार यायचा, की आता तो आणखी कुणाला तरी विचारत असेल, आणि ते घर कोणतं हे आम्हाला ठाऊक नाही. पूर्वी निदान तो कुठे आहे ते माहीत होतं. काचेआड, तारेच्या दुसऱ्या टोकाला.

सोयराबाई दिवसभर हॉलमध्ये बसू लागल्या. जेवण तिथेच, दुपारची झोप तिथेच, स्टुलाशेजारी चटई टाकून. बँकेचा, गॅसचा, कुणाचाही फोन आला की झडप घालून उचलत आणि दुसरी भाषा ऐकली की खांदे पाडून ठेवून देत. एकदा मी जिना उतरत होते तेव्हा मला त्यांचा आवाज आला. मला वाटलं कुणी आलंय. कुणी नव्हतं. त्या फोनकडे बघून हात जोडून म्हणत होत्या, "मेल्या, एकदा फोन कर की."